कधीतरी पिणारा आणि रोज पिणारा : दोघांच्या मेंदूचे काय होते?

मद्यपानासंबंधी आपल्या घरांतून दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. पहिले वाक्य तरुण मुलाच्या पालकांचे असते : "तो काही दारुडा नाही. मित्राच्या लग्नात, एकतीस डिसेंबरला, कधीतरी बसतो एवढेच." दुसरे वाक्य वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या घरचे असते : "मनात आणले तर आज सोडील. ईमानच कमजोर, म्हणून सुटत नाही." पहिल्या वाक्यात धोका नाकारलेला आहे, दुसऱ्यात आजार नाकारलेला आहे. दोन्ही वाक्ये वैद्यकाच्या कसोटीवर टिकत नाहीत आणि थोडे खोलात गेले तर शरिअतच्या कसोटीवरही टिकत नाहीत.

मद्य हराम आहे, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न असा आहे की, जो या हराममध्ये पडला आहे त्याच्या मेंदूत नेमके काय घडते, आणि एका रात्रीत बेसुमार पिणारा व रोज पिणारा यांच्यात फरक कोणता. हा फरक न कळल्यामुळे काही घरांत मुले दगावतात आणि काही घरांत बाप दगावतो, म्हणून त्याचा अभ्यास करणे आवश्यक आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, आणि २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून झालेले आहेत. मुस्लिम समाजात पिणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आहे, हे खरे. परंतु जेथे पिणे लज्जास्पद असते तेथे ते लपविले जाते, आणि लपविलेला आजार डॉक्टरांपर्यंत उशिरा पोहोचतो. कमी प्रमाणाचा अभिमान बाळगताना ही दुसरी बाजू आपण सहसा ध्यानात घेत नाही.

एक क्वार्टर म्हणजे किती?

जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा अधिक शुद्ध अल्कोहोल घेण्याला 'प्रासंगिक अतिमद्यपान' मानते. अमेरिकेतील राष्ट्रीय मद्य संशोधन संस्थेची व्याख्या जवळपास अशीच आहे : सुमारे दोन तासांत पुरुषाने पाच व स्त्रीने चार प्रमाणित पेये घेतली, तर रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.०८ टक्क्यांवर जाते, आणि त्याला तेथे 'बिंज' म्हणतात. तेथील एका प्रमाणित पेयात १४ ग्रॅम अल्कोहोल असते.

हे आपल्याकडील बाटलीत मोजून पाहावे. भारतात बनणाऱ्या व्हिस्की किंवा रमवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. अशी १८० मिलिलीटरची एक क्वार्टर घेतली, तर पोटात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल गेले. म्हणजे ज्याला मित्रमंडळीत 'फक्त एक क्वार्टर' म्हणतात ती जागतिक आरोग्य संघटनेच्या रेषेवर बरोबर बसते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलीटरची एक बाटली सुमारे ४० ग्रॅम देते. दोन बाटल्या झाल्या की रेषा मागे पडली. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे" असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

यकृत हे अल्कोहोल साधारण ताशी ७ ते १० ग्रॅम या वेगाने निकाली काढते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपविणाऱ्याच्या रक्तात फज्रच्या अजानच्या वेळीही अल्कोहोल असू शकते.

'अवलंबित्व' ही वेगळी अवस्था आहे. तेथे प्रश्न केवळ प्रमाणाचा नसतो. पिण्यावरचा ताबा सुटणे, आयुष्यातील इतर सर्व गोष्टींपेक्षा पिण्याला अग्रक्रम मिळणे, तोच परिणाम साधण्यासाठी अधिकाधिक प्रमाण लागणे आणि न मिळाल्यास शरीराने बंड करणे, ही तिची लक्षणे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने गैरवापर व अवलंबित्व हे जुने दोन कप्पे मोडून अकरा निकषांची एकच चढती श्रेणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात मात्र अवलंबित्व स्वतंत्र ठेवले असून हानिकारक मद्यपानाच्या एखाद्या प्रसंगालाही वेगळे नाव दिले आहे. वैद्यकाला 'एक प्रसंग' स्वतंत्रपणे नोंदविण्याजोगा वाटतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आयतींच्या मागचे प्रसंग

मद्यबंदीचा आदेश टप्प्याटप्प्याने उतरला, हे आपण मकतबपासून ऐकत आलो आहोत. सूरह अल्-बकराच्या २१९ व्या आयतीत मद्य व जुगार यांत लोकांसाठी काही लाभ असले, तरी त्यांतील पाप लाभाहून मोठे असल्याचे सांगितले गेले. सूरह अन्-निसाच्या ४३ व्या आयतीने नशेच्या अवस्थेत नमाजच्या जवळ जाण्यास मनाई केली, आपण काय बोलतो आहोत हे कळू लागेपर्यंत. अखेर सूरह अल्-माइदाच्या ९० व ९१ व्या आयतींनी दार कायमचे बंद केले.

या टप्प्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण या आयतींच्या अवतरणाचे जे प्रसंग हदीसग्रंथांत आले आहेत त्यांच्याकडे एका वेगळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. तिर्मिजीतील रिवायतीनुसार एका मेजवानीनंतर नमाजची वेळ झाली आणि मद्य घेतलेल्या इमामाकडून सूरह अल्-काफिरूनच्या पठणात अर्थ उलटा होईल अशी गफलत झाली. सहीह मुस्लिममध्ये ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांचा प्रसंग आहे. मुहाजिर व अन्सार एकत्र जेवले, प्याले, मग कोण श्रेष्ठ यावरून शब्दाला शब्द वाढला आणि एकाने उंटाच्या जबड्याचे हाड त्यांच्या नाकावर मारले. माइदाच्या आयतीत सैतान मद्याद्वारे वैर व द्वेष पेरू इच्छितो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो, असा जो उल्लेख आहे त्याच्या मागे असे प्रसंग आहेत.

या दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षांच्या व्यसनाने खंगलेला माणूस नाही. चांगली माणसे आहेत, एक जेवण आहे, एक बैठक आहे. बिघाड झाला तो त्या बैठकीत. "मी व्यसनी नाही" हा बचाव करणाऱ्याने आयतीचा रोख आपल्याकडे नाही असे समजू नये.

ह. उमर (रजि.) यांनी मिंबरवरून दिलेल्या खुतब्यात, जे बुद्धीला झाकून टाकते ते 'खमर', अशी व्याख्या केल्याचे बुखारीत आहे. या व्याख्येत दिवसांची, वर्षांची किंवा सवयीची अट नाही. जे अधिक प्रमाणात नशा आणते त्याचे अल्प प्रमाणही हराम, ही अबू दाऊद व तिर्मिजीतील हदीसही सर्वांना ठाऊक आहे.

येथे एक खुलासा करावा लागेल. कुरआन हा मज्जाशास्त्राचा ग्रंथ नव्हे, आणि प्रत्येक नव्या संशोधनाला एखाद्या आयतीचे लेबल लावण्याची जी हौस अलीकडे दिसते ती आम्हास मान्य नाही. संशोधन उद्या बदलेल. आदेश त्यावर अवलंबून नाही. मात्र इमाम गजाली व इमाम शातिबी यांनी शरिअतची जी पाच मूलभूत उद्दिष्टे मांडली त्यांत धर्म, प्राण, वंश व संपत्ती यांच्याबरोबर 'अक्ल' म्हणजे बुद्धीचे रक्षण आहे. बुद्धीचे रक्षण करावयाचे तर ती कशाने, किती व कोणत्या मार्गाने बिघडते हे जाणणे ओघानेच आले.

एका रात्रीत काय होते

मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक निरोपांनी बोलतात. त्यांत 'गाबा' नावाचे रसायन लगामाचे काम करते, तर 'ग्लुटामेट' टाच मारण्याचे. घोडा नीट चालायचा तर दोन्ही हवेत. अल्कोहोल गाबाचा परिणाम वाढविते आणि ग्लुटामेटच्या एका महत्त्वाच्या ग्राहकाला अडविते. म्हणजे लगाम खेचला आणि टाच काढून घेतली. त्याच वेळी सुखाची जाणीव देणाऱ्या केंद्रात डोपामिन वाढते, म्हणून आरंभी माणूस खुशीत येतो.

सर्वांत आधी झाकला जातो तो कपाळामागचा भाग, ज्याच्याकडे विवेक, संयम व परिणामांचा विचार ही कामे आहेत. संकोच गेला, जीभ सुटली. त्यानंतर लहान मेंदूवर परिणाम होऊन तोल जातो, उच्चार बोबडे होतात. प्रमाण आणखी वाढले तर मेंदूच्या तळाशी असलेला, श्वास चालविणारा भाग मंदावतो. एका रात्रीच्या पिण्याने होणारे मृत्यू या शेवटच्या पायरीवर होतात : श्वास थांबून, किंवा बेशुद्धीत झालेली उलटी फुप्फुसात जाऊन. "झोपू दे, सकाळी उतरेल" असे म्हणून खोलीचे दार लावून घेणे ही म्हणूनच घातक चूक आहे. अशा माणसाला उताणे न ठेवता कुशीवर वळवावे, त्याच्याजवळ कोणी तरी जागे राहावे, आणि हाक मारूनही तो जागा होत नसेल, श्वास मंद किंवा थांबून-थांबून चालत असेल, अंग थंड पडत असेल तर लाजेखातर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

मधल्या पायरीवर आणखी एक गोष्ट घडते तिला 'ब्लॅकआउट' म्हणतात. पुष्कळांना हा शब्द बेशुद्धीचा वाटतो, पण तसे नाही. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, मोटारसायकलही चालवितो. मात्र मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी नोंदविणारा भाग बंद पडलेला असतो. त्या तासांची आठवण पुसली जात नाही, ती लिहिलीच जात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी कितीही आठवण करून दिली, तरी ती परत येत नाही. १९४६ मध्ये जेलिनेक या अमेरिकी अभ्यासकाने ब्लॅकआउटला व्यसनाचे पूर्वचिन्ह मानले होते. पुढील संशोधनातून दिसले की, कधीतरी पिणाऱ्यांतही तो सर्रास होतो. किती वर्षे पीत आहे यापेक्षा त्या रात्री रक्तातील प्रमाण किती झपाट्याने वाढले याला महत्त्व आहे. रिकाम्या पोटी भराभर पेग रिचविणारा नवखा तरुण त्यात लवकर सापडतो.

या ब्लॅकआउटचे फिकहमधील परिणाम लहान नाहीत. नशेत उच्चारलेल्या तलाकविषयी फुकहात मतभेद आहेत. हनफी मसलकाचे प्रचलित मत तो लागू धरते, तर ह. उस्मान (रजि.) यांच्याकडून तो लागू न होण्याचे मत बुखारीने नोंदविले आहे. आपल्या देशात २०१९ च्या कायद्यानुसार एका दमात दिलेला तिहेरी तलाक निरर्थक व दंडनीयही आहे. त्या खोलात येथे जाता येणार नाही. पण ज्याला आपण काय बोललो हे सकाळी आठवतही नाही त्याचे घर त्या एका वाक्यावर टांगणीला लागते. मग मुफ्तींच्या दारात त्याची पत्नी उभी राहते, तो नव्हे.

वर्षानुवर्षांत काय होते

रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःचा तोल सावरू पाहतो. लगाम सतत खेचलेला आहे, तर मेंदू गाबाला दाद देणे कमी करतो. टाच सतत काढलेली आहे, तर ग्लुटामेटचे ग्राहक वाढवितो. त्यामुळे पूर्वी ज्या दोन पेगांत चढत असे त्यासाठी आता चार लागतात. "त्याला पचते" असे आपण कौतुकाने म्हणतो. वास्तविक ती मेंदू बदलल्याची पहिली खूण असते. आता मद्य असेल तरच तोल, नसेल तर लगामाविना टाचेवर टाच. सकाळी हात थरथरणे, घाम, मळमळ, बेचैनी, झोप न येणे, आणि एक घोट घेताच हे सर्व शमणे. या टप्प्यावरचा माणूस सुखासाठी पीत नसतो, कसेबसे उभे राहण्यासाठी पीत असतो.

दीर्घकाळ अति पिणाऱ्यांच्या मेंदूच्या चित्रणात पुढचा भाग आक्रसलेला दिसतो. निरोप वाहून नेणारे पांढरे तंतू विरळ होतात, लहान मेंदूची झीज होऊन चाल फाकते. त्यात भर पडते उपाशीपणाची. मद्याने पोट भरल्यासारखे वाटते, जेवण सुटते, आणि जेवले तरी ब-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन नीट शोषले जात नाही. शरीरात याचा साठा काही आठवड्यांपुरताच असतो. तो संपला की मेंदूचे काही खोल भाग अक्षरशः उपासमारीने मरू लागतात. १८८१ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वर्निके यांनी या अवस्थेचे वर्णन केले : गोंधळलेले मन, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड, लटपटती चाल. काही वर्षांनी रशियातील सर्गेई कोर्साकॉफ यांनी तिच्या पुढची अवस्था वर्णिली. त्यात रुग्णाला नवीन काहीच लक्षात राहत नाही आणि रिकाम्या जागा तो कल्पित गोष्टींनी भरतो. नातेवाईक आताच भेटून गेला हे त्याला ठाऊक नसते, पण न घडलेली भेट तो तपशिलाने सांगतो. घरचे म्हणतात, दारूने खोटारडा झाला. तो खोटे बोलत नसतो.

वर्निकेची अवस्था वेळीच ओळखून थायमिनची इंजेक्शने दिली तर सावरता येते. कोर्साकॉफच्या अवस्थेतून पूर्ववत होणारे थोडे. म्हणून "उद्या बघू" या शब्दांची किंमत येथे फार मोठी आहे.

दोघांमधले अंतर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. महिन्यातून एकदा बेसुमार पिणाऱ्याला थायमिनची अशी टंचाई सहसा होत नाही, सकाळी थरथर होत नाही, आणि न पिता तो आठवडा सहज काढतो. या अर्थाने तो निश्चितच अवलंबित नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही मर्यादेबाहेर पिणाऱ्या प्रौढांपैकी दहात नऊ जण अवलंबित्वाच्या निकषांत बसत नव्हते. मग त्यांचा मेंदू सुरक्षित म्हणावा काय?

बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी त्यांनी निवडले. काही बेसुमार पिण्याच्या वाटेवर होते, काही नव्हते. आरंभी दोन्ही गटांच्या मेंदूच्या विद्युत् लहरी सारख्याच होत्या. सुमारे नऊ महिन्यांनी पाहता पिणाऱ्यांच्या मेंदूचा प्रतिसाद मंदावलेला आढळला. विशेष असे की, नेमून दिलेले काम ते तितक्याच अचूकपणे करीत होते. बाहेरून काहीच दिसत नव्हते. मुलगा परीक्षेत उत्तीर्ण होतो आहे म्हणून सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष पालक काढतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात थिओडोरा ड्यूका व डेव्हिड स्टीव्हन्स यांनी दुसऱ्या बाजूने विचार केला. वारंवार व्यसनमुक्ती उपचार घेऊन पुन्हापुन्हा पिऊ लागलेले रुग्ण आणि तरुण बिंज पिणारे यांच्यात त्यांना एक साम्य दिसले. दोघेही पितात आणि थांबतात, पितात आणि थांबतात. प्रत्येक थांबण्याच्या वेळी मेंदूला लगाम सुटल्याचा एक झटका बसतो, एकाला मोठा, दुसऱ्याला लहान. असे झटके पुन्हापुन्हा बसले की पुढचा अधिक तीव्र होतो, हे बॅलेंजर व पोस्ट यांनी १९७८ मध्येच मांडले होते. लहान लहान काटक्या पेटत जाऊन लाकूड पेटावे, तसे त्याचे वर्णन केले जाते. संयम राखणारा कपाळामागचा भाग आणि भय व भावना हाताळणारा अमिग्डाला यांच्या कामातील बिघाड दोन्ही गटांत एकाच जातीचा दिसतो, प्रमाण मात्र वेगळे. यावरून अनेक संशोधक असे मानतात की, या दोन अवस्था म्हणजे दोन वेगळी गावे नसून एकाच रस्त्यावरचे दोन टप्पे असावेत. प्रत्येक बिंज पिणारा दुसऱ्या टप्प्यावर पोहोचतो असे नाही. पण रस्ता तोच आहे.

वयाचा मुद्दा याहून गंभीर आहे. कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. फुल्टन क्रूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये किशोरवयीन व प्रौढ उंदरांना चार दिवस सारखेच अतिमद्य दिले. किशोरांच्या मेंदूच्या पुढच्या भागांत प्रौढांत न दिसणारी इजा आढळली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील वसतिगृहाच्या खोलीत जे चालते त्याला "वय आहे, चालायचेच" म्हणणारे मामा-काका त्या वयाचाच विचार करीत नाहीत.

रमजानच्या तिसऱ्या दिवशी

रोज पिणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मनात रमजानचा आदर शिल्लक असतो. चाँदरात झाली की ते एकदम थांबतात. घरचे शुक्र अदा करतात. पहिल्या रोजाला हात कापतात, दुसऱ्या रात्री झोप नाही, तिसऱ्या दिवशी तो भिंतीवर किडे पाहू लागतो, कोपऱ्यात उभ्या असलेल्या न दिसणाऱ्या माणसाशी बोलतो, ओळख विसरतो, अंगात ताप भरतो. घरात कुजबूज सुरू होते, "असर झाला." आणि त्याला आमिलकडे नेले जाते.

हा 'डिलिरियम ट्रेमेन्स' असतो. मद्य बंद केल्यापासून साधारण दोन ते चार दिवसांनी तो उद्भवतो. त्याआधी, पहिल्या ६ ते ४८ तासांत, काहींना फिट येते. लगाम नसलेला मेंदू उधळलेला असतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो, आणि मिळाल्यास बहुतेक जण वाचतात. आमिलच्या दारात गेलेले दोन दिवस हेच वाचण्याचे दिवस असतात. दम-दुआ रुग्णालयाच्या खाटेशेजारी बसूनही करता येते.

म्हणून ज्याच्या घरी असा माणूस असेल त्याने शाबानमध्येच डॉक्टरांशी बोलावे. मेंदू शांत करणारी औषधे ठरावीक मात्रेत देऊन ती काही दिवसांत कमी करीत नेण्याची पद्धत आहे. थायमिन दिले जाते, आणि ते ग्लुकोजच्या आधी दिले जावे याची डॉक्टर काळजी घेतात. "एक नशा सोडवायला दुसरी गोळी कशी?" अशी शंका काही दीनदार घरांत निघते. फिट व मृत्यू टाळण्यासाठी वैद्याने मोजून दिलेले औषध आणि मजेसाठी घेतलेली नशा यांना एका तराजूत घालता येणार नाही. तरीही मन साशंक असेल, तर एखाद्या जाणत्या आलिमला डॉक्टरांसमोर बसवून विचारावे. या दिवसांत रोजा ठेवता येत नसेल, तर सूरह अल्-बकराच्या १८४ व १८५ व्या आयतींत आजाऱ्यास दुसऱ्या दिवसांत गणती पूर्ण करण्याची मुभा आहेच.

कोणी विचारील की, मदिन्यात तर आदेश येताच लोकांनी एका क्षणात सोडले. ह. अनस (रजि.) हे ह. अबू तलहा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना पाजत होते, बाहेर दवंडी ऐकू आली आणि मद्य रस्त्यांतून वाहिले, हे बुखारीत आहे. पण त्याच संग्रहात ह. आयशा (रजि.) यांचे कथन आहे की, आरंभीच मद्य सोडण्याचा आदेश आला असता तर लोकांनी ते कधीच सोडणार नाही असे म्हटले असते. आधी मने तयार झाली. निसाच्या आयतीनंतर तर पाच नमाजांच्या मध्ये नशा उतरेल एवढी फुरसतच उरली नव्हती. इशा झाल्यावर किंवा फज्रनंतर, एवढीच काय ती संधी. दवंडी ऐकणारे लोक तोवर बरेच दूर आलेले होते. आपल्या घरातील माणसाची तुलना त्यांच्याशी करताना त्याला मधली वर्षे मिळालेली नाहीत, हे विसरू नये.

आणि तो पुन्हा प्याला तर? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ होते. ते प्रेषितांना (स.) हसवीत असत. मद्यपानाबद्दल त्यांना वारंवार आणले गेले व शिक्षाही झाली. एकदा कोणी त्यांना शाप दिला तेव्हा प्रेषितांनी (स.) शाप देण्यास मनाई केली आणि तो अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करणारा असल्याची ग्वाही दिली. दुसऱ्या एका रिवायतीत अशा माणसाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असे सांगितले गेले. शिक्षा माफ झाली नाही, हे खरे. परंतु त्याला मशिदीबाहेरचा ठरविले गेले नाही. मद्य पिणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज स्वीकारली जात नाही ही हदीस ऐकवून कित्येकांना आपण नमाजपासूनच तोडले आहे. हदीसच्या भाष्यकारांनी याचा अर्थ सवाबपासून वंचित राहणे असा केला आहे. नमाजचे कर्तव्य त्याच्यावरून उतरत नाही, आणि तौबाचे दार त्या चाळीस दिवसांतही उघडे असते.

मद्य सोडल्यावर मेंदू काही अंशी भरून येतो, हे चित्रणाच्या अभ्यासांतून दिसलेले आहे. पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा सर्वांत जलद, पुढे महिनोन्महिने सावकाश. या काळात चिडचिड, विसरभोळेपणा व उचाट झोप राहते. घरच्यांनी तिला नाटक समजू नये. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत, जिल्हा रुग्णालयांच्या मनोविकार विभागात आणि १४४४६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते. डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : शेवटचे मद्य केव्हा घेतले, रोज किती व कोणते, पूर्वी सोडताना कधी फिट आली होती काय, आणि गेल्या महिन्यात जेवण कसे होते. रुग्ण स्वतः प्रमाण कमी सांगेल. पत्नीला किंवा आईला ते बरोबर ठाऊक असते, म्हणून तिला बाहेर बाकावर न बसविता आत घेऊन जावे.